इहिरीतलं कोमट पाणी

न्हाई बघितला मी देवमासा, आन् बघायचा बी न्हाई. कुणी इचारलं न्हाई गुरुजी, तरी सांगते. काल नात टीव्हीवर बघत हुती, बर्फाच्या पाण्यात निवांत पवत हुता तो. त्याला थंडी कावून वाजत न्हाई ते मी सांगायला गेले तर म्हणती, "गप की आज्जे, ऐकू दे." मग तुमालाच लिहिते. तुमी जाऊन लई वरसं झाली, मधीच टोकायचे न्हाईत.

लिंबागणेशकडच्या आपल्या शाळंत तवा प्यायला पाणी नव्हतं आन् तुमी फळ्यावर समुद्र काढला. मी म्हणले, "गुरुजी, आमच्या तळ्यात बेडकं ऱ्हायली न्हाईत, देवमासा कुठून आणता?" सगळी खिदळली. तुमी मला उभं करून वर्ग सुटस्तोवर म्हणायला लावलं, पाणी ऊब खातं, पाणी ऊब खातं. मग सांगितलंत, त्याच्या कातड्याखाली इतभर चरबी. ऊब आत काळजाशी राखतो, कातडं गार पडलं तर पडू देतो. परांकडं, म्हंजी पवायच्या पंखांकडं, जाणारं गरम रगात येणाऱ्या गार रगताला वाटंतच तापवतं. तुमी दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवलीत. मला राग आलता, म्हणून ध्यानात ऱ्हायलं.

सातवीनंतर लगीन झालं, केजकडं दिली. तिथं बी दुष्काळच. सोसायटीच्या एका इहिरीवर सगळं गाव, आन् ऐन पौषात मोटारीच्या पाइपाचं तोंड गाळानं बुजलं. आमचे मालक सकाळीच गाळ काढायला उतरले. मी भाकर घेऊन काठावर उभी हाय. वारं बोचतंय. मामंजी, म्हंजी सासरे, सोसायटीचे चेरमन, खाली वरडतात, "वर कशाला येतो बे? पाणी कोमट हाय, तिथंच बरा हाईस." खोटं न्हाई. थंडीत इहिरीचं पाणी कोमटच लागतं, म्हणून तर कुणी भ्यालं न्हाई. मालक छातीभर पाण्यात. अंगावर चरबी त्या साली कुणाच्या हुती? दुपारी मी हाक मारली तर बोलणं बोबडं आलं. दोर हातात धरवंना. कुडकुडणं बी थांबलेलं. मामंजी म्हणले, "बघा, सवय झाली." मी भाकर तिथंच टाकून माणसं बोलवायला पळाले.

चौघांनी दोर बांधून वर ओढले. एकानं दारूची बाटली आणली, दोघं शेकोटीपाशी पाय चोळायला बसले. मामंजींसमोर मी तवर तोंड उघडलं नव्हतं.

"पाय सोडा त्यांचे! दारू बी नका पाजू."

"तू डाक्टर हाईस का गं?" मामंजी म्हणले.

"देवमासा..." म्हणले, आन् सगळे हसले.

"ह्याच्या आधी बायकोलाच पाजा बे, येडी झाली ती!" बाटलीवाला म्हणला.

"देवमाशाचं गार रगात तापल्याबिगर काळजाकडं जात न्हाई," मी म्हणले. "ह्यांचं चोळून चोळून तसंच गार जाईल. दारूनं कातडं तापंल, आतली ऊब भाईर येईल. मग काळीज कशावर चालंल?"

बाटली हिसकून मातीत ओतली. मामंजींनी हात उगारला.

"मारा. पण आदी त्यांना घरात न्या."

कशानं ते ठाव न्हाई, पण नेलं. मी कडी लावली, त्यांची वली कापडं काढली, माझी बी काढली आन् गोधडीत शिरले. दिवसाढवळ्या. सासू दार बडवती, "लाज हाय का न्हाई गं?" भाईर बाया फिदीफिदी हसतात. आन् मी त्या गार छातीला छाती लावून नुसती ऐकत पडलेली, आत ठोका पडतोय का न्हाई. मधी मधी मला ऐकूच यायचा न्हाई.

दिवस कलला तवा ते परत कुडकुडायला लागले. मंग मी रडले.

खरं सांगते गुरुजी, मला पक्कं काई ठाव नव्हतं. तुमी देवमाशाचं सांगितलं हुतं, माणसाचं न्हाई. मी नुसता अंदाज ठोकला, तो बी आवाज चढवून. ही चिठ्ठी कुठं टाकायची न्हाई, म्हणून लिहिलं.

गोधडीत त्यांना बोलता यायला लागलं तवा ते पहिलं काय बोलले, ते सासूनं इचारलं, जावांनी इचारलं. न्हाई सांगितलं. तुमाला बी सांगणार न्हाई.