फलकावरची रिकामी जागा

ता. ४ एप्रिल

चि. ठकीस,
अ. आ.

इकडे सर्व ठीक, असं लिहिणार होतो. पण काय ठीक आहे तेच कळेनासं झालंय. आपल्या कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानासमोरच्या प्रचाराच्या फलकावर मीच आहे. चांगला दहा फुटी! खाली तू नोकरी करतेस त्या पक्षाचं चिन्ह, शेजारी ‘माझं ठरलंय!’ अगं, सकाळी कोणता शर्ट घालावा हेही माझं ठरत नाही. मत कोणाला देतो ते तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

न्हावी अभिनंदन करतो, दूधवाला तोंड फिरवतो. ते जाऊ दे. पोस्टमास्तर चार दिवस फिरायला आलेले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदाच! त्यांचा पक्ष दुसरा, मान्य. पण एवढा राग? घरी गेलो तर झोपलेत म्हणून सांगितलं, आणि आतून त्यांचाच खोकला ऐकू आला. मला काही सुधरत नाही. हे तू केलंस का?

लोभ आहेच, पण आधी उत्तर धाड.
नाना

ता. ८ एप्रिल

ती. नानांस,
सा. न. वि. वि.

मीच केलं, नाना. मुद्दाम नाही. फलकाची मांडणी करताना माणसाच्या जागी कुठलातरी फोटो तात्पुरता टाकतात. खरा नंतर येतो. मी तुमचा टाकला, कारण इथल्या गडबडीत तुम्ही समोर असलात की बरं वाटतं. खरा फोटो आलाच नाही आणि छापखान्यात तुम्हीच गेलात. प्रचारप्रमुखांच्या हातापाया पडले. ते म्हणतात, चेहरा विश्वासू आहे, राहू दे. नोकरी सोडू की काय करू, कळत नाही.

आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. तो फोटो तळ्याकाठच्या बाकावरचा. शेजारी पोस्टमास्तरकाका होते. घोषणेला जागा हवी म्हणून मी त्यांना फोटोतून पुसलं. ते पक्षावर रागावलेत की यावर?

रागवा, पण माया कमी करू नका.
तुमची ठकी

ता. १३ एप्रिल

चि. ठकीस,
अ. आ.

यावरच. तुझं पत्र घेऊन थेट त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, पक्षाचं मरू दे, पण मला वगळायला तुम्हीच पोरीला सांगितलंत असं वाटलं. बोलता बोलता रडले. मलाही रडू आलं.

मग माळ्यावरून रंग काढले. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, ती कधी कामी येणार? पोस्टमास्तरांना समोर स्टुलावर बसवलं, न्हाव्याला शिडी धरायला लावली आणि घोषणेवरच त्यांना रंगवलं. ‘माझं’ तेवढं दिसतंय, ‘ठरलंय’ त्यांच्या पोटाखाली गेलं. तुझ्या प्रमुखांनी विचारलं तर खुशाल माझं नाव सांग. नोकरीचं मात्र मला विचारू नकोस; मत कोणाला द्यायचं तेच अजून ठरत नाहीये.

पोस्टमास्तर सारखे म्हणत होते, टक्कल तेवढं झाका. नाही झाकलं. म्हटलं, एकदा पुसलंय तेवढं पुरे.

फलकावरच्या दोघांचेही आशीर्वाद.
नाना