फोर्क दबेना तेव्हा

प्रिय धाकट्या,

तू गेल्या वर्षी घेऊन दिलेली सायकल महिनाभर माझ्या वाकड्यात शिरली होती. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची स्प्रिंग दबेचना. प्रत्येक खड्डा थेट मनगटात. छापखान्यात पोचेपर्यंत हात बधिर व्हायचे आणि प्रुफं तपासताना पेन्सिल धरवायची नाही. स्वस्तातली सायकल माझ्या गळ्यात मारलीस म्हणून मनातल्या मनात तुला चार शिव्या घातल्या. त्या परत घेते.

सायकलवाल्याला म्हटलं, फोर्क गंजलाय, सरळ नवा बसव. तो म्हणाला, आधी खोलून बघू. मी हट्टाला पेटले, पण तो माझ्यापेक्षा हट्टी निघाला. त्यानं फोर्क काढला, पुसला, ग्रीस लावून परत बसवला. मग स्वतः सायकलवर बसून दाबून दाखवला, तर झकास खालीवर होत होता. मी बसले की ढिम्म. फोर्कच्या डोक्यावरचं स्प्रिंग आवळायचं बटण बघून तो म्हणाला, हे तुमच्याहून बऱ्याच जड माणसासाठी लावलंय. ते तूच लावलं होतंस, माझ्या चौऱ्याहत्तर किलोंच्या हिशेबानं. ताईला ट्रकची स्प्रिंग लागेल म्हणून वर दातही काढले होतेस.

मी वजन चौऱ्याहत्तरच सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. शेजारच्या पार्सलवाल्याच्या काट्यावर उभं केलं, तर एकसष्ट. मी आधी खूशच झाले. कपडे सैल व्हायला लागले होते, ते सायकलीचं पुण्य समजत होते. तो मात्र हसला नाही. बटण सैल करून दिलं आणि हळूच म्हणाला, माझी बायको अशीच उतरत गेली होती, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. परक्या माणसाचं ऐकायची मला सवय नाही, तरी गेले.

पोटात गाठ निघाली आहे. वेळेवर सापडली, काढली की बरं वाटेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मला त्यांचं पटतं. सायकल आता लोण्यासारखी चालते, मी रोज कामावर जाते, दोन वेळा जेवते. पण भीती वाटते रे. तुला सांगायला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा तुझ्या पोरीच्या शाळेबद्दलच बोलून ठेवून दिला.

ऑपरेशन येत्या एकोणीस तारखेला आहे. दवाखान्याच्या कागदावर जवळचा माणूस म्हणून तुला न विचारताच तुझं नाव लिहून टाकलं. आई गेल्यापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी मी 'जमलं तर ये' लिहीत आले, आणि तुला जमलं नाही तरी कधी राग धरला नाही. या वेळी तसं लिहीत नाही. अठराला ये.

तुझीच हट्टी
ताई