एक आख्खा दिवस देवासंगं

माय, तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय. हसू नको. तिसरीपर्यंतची शाळा, त्यातून वेलांट्या माझ्या कायम उलट्या पडायच्या, तुला ठाऊकच आहे. पण नातीनं वही आणून दिली. म्हणाली, "आज्जे, सगळं हिच्यात लिही, माझं डोकं नको खाऊ." नात म्हणजे थोरल्याची पोरगी. धाराशिवला नर्सिंग शिकते. सुट्टीला इकडं गावाकडं, येरमाळ्याजवळच्या वाशीला आली की घर कसं भरून जातं. नाक तुझं घेतलंय तिनं आणि चालणंही तुझंच, धपाधपा. बघत राहावं वाटतं. बघ, सांगायचं होतं काय आणि चालले कुठं.

येरमाळ्याहून निघालेली ती बस आठवते का तुला? मी असेन अकरा-बारा वर्षांची. देवीच्या यात्रेची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. मी खिडकीशी, तू माझ्या शेजारी, आणि तुझ्या पलीकडं वीतभर जागा तू पदर पसरून राखून ठेवलेली. एक फेटेवाला म्हणतो, "सरका की बाई." तू म्हणतेस, "हितं माझा देव बसलाय." कंडक्टर मागनं ओरडतो, "देवाचं तिकीट काढलं का मावशी?" आख्खी बस हसते. तू जराही न लाजता म्हणतेस, "तुमची गाडीच त्याच्या जिवावर चालती, त्याला कसलं तिकीट?" तेवढ्यात दिवस भरत आलेली एक बाई गर्दीतनं कशीबशी पुढं आली. तू लगेच पदर आवरलास. "ये माय, बस. त्यानंच उठून जागा दिली बघ तुला." आता फेटेवालाही हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून दारापाशी जाऊन उभी राहिले, जशी काही तू माझी कोणीच नाहीस. उतरल्यावर निम्म्या वाटेत तू एवढंच म्हणालीस, "माझी लाज वाटली तर वाटू दे. पण तो गाडीत व्हता, आन् तू तोंड फिरवलंस."

तुझं सगळं तसंच होतं. मिशनच्या दवाखान्यात झाडायला निघालीस की उंबऱ्यावर "चल देवा," पाण्याला निघालीस की "चल देवा," भाकरी थापताना "बघ रं बापा, कड चिरली." आम्ही येशूची माणसं हे गावाला माहीत होतं, पण शेजारणी म्हणायच्या, बाकीच्यांचा देव देवळात असतो, हिनं पदराला बांधलाय. तू म्हणायचीस, "बांधला न्हाय गं, त्योच येतो मागं मागं."

मी तशी झाले नाही, माय. लग्न होऊन वाशीला आले, लेकरं झाली. रविवारी चर्च, जेवणाआधी प्रार्थना, सगळं केलं. बाकीचा दिवस माझा एकटीचा. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा माझं मनगट धरून म्हणाली होतीस, "एक आख्खा दिवस त्याला न विसरता जगून बघ. एकच. मग तुझं तुला कळंल." मी व्हय म्हणाले. म्हणायला काय जातंय? गेल्या आठवड्यात नातीला ही बसची गोष्ट सांगितली. ती पोट धरधरून हसली आणि मग एकदम विचारती कशी, "मग आज्जे, केलास का तो एक दिवस?" कुठला केलाय! सत्तरी ओलांडली मी. त्या दिवशी ठरवलं, आता सोडायचं नाही. डोळे मिटायच्या आत तो एक दिवस मी करणारच.

नातीनं मोबाइलला दर तासाला घंटी लावून दिली. घंटी वाजली की देव आठवायचा. पहिल्याच दिवशी काय झालं, शेजारणीच्या शेळीनं माझे वाळत घातलेले सांडगे खाल्ले. मी तिच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढतेय आणि कमरेला घंटी वाजली. शेजारीण म्हणाली, "उचला की मावशी, कुणाचा फोन हाय?" मी रागात बोलून गेले, "देवाचा!" ती म्हणते कशी, "मग त्यालाच इचारा, शेळीला अक्कल का न्हाय दिली." दोघीही मटकन खाली बसून हसलो. चहा तिच्याकडंच झाला. पण संध्याकाळी वाटलं, हे काही खरं नाही. घंटी वाजली की मी त्याला हाक मारते, आणि थांबली की एकटीच. तुला कुठं घंटी लागत होती? काढून टाकली.

आता तुझ्यासारखंच करते. एक काम हातात घ्यायचं आणि ते संपेपर्यंत त्याच्याशी बोलायचं. जोंधळे निवडताना, केर काढताना, गुडघ्याला तेल लावताना. सून पहिल्यांदा घाबरली, नातीला हळूच म्हणाली, आत्याबाईंना दवाखान्यात दाखवू का. मी ऐकलंच, म्हटलं, दाखव, देवही येईल बरोबर. परवा दुपारपर्यंत टिकले. काल चार वाजेपर्यंत, मग टीव्हीवरची मालिका लागली आणि मी कुठली नि देव कुठला. तरी काय सांगू, त्या चार वाजेपर्यंतच्या दिवसात मला इतकं हलकं वाटत होतं की नातीचा हात धरून अंगणात गिरकीच घ्यावी वाटली. घेतली पण. गुडघा अजून ठणकतोय. पण सोडणार नाही.

आज पहाटेपासून चांगलं चाललं होतं. न्याहारीपर्यंत देव एकदाही सुटला नव्हता. म्हटलं, आजचा दिवस होतोय. मग वही उघडली, आणि आता मान वर करून बघते तर ऊन ओट्यावर आलंय. एवढा वेळ मी तुझ्याशीच बोलत बसले, माय. त्याची आठवणसुद्धा झाली नाही. हे पत्र जायचं तर कुठंच नाही, तेव्हा लिहूनच टाकते. त्याच्यासंगं राहायची मला जी एवढी घाई आहे ना, ती निम्मी तरी तू त्याच्याकडं आहेस म्हणून आहे. त्याला आत्ताच सांगितलं तसं. उद्या पुन्हा पहाटेपासून सुरू करणार आहे.