कोनराडने बांधलेली चाल

मी, एमिल राउशर्ट, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पत्रेकाम, राहणार न्यू लिंडेन, विस्कॉन्सिन, हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. कोणी धाक घातलेला नाही की भरीला पाडलेले नाही. थकलो मात्र आहे. कायद्याची त्याला हरकत नसावी.

१. राहते घर आणि बँकेत उरेल ते माझी मुलगी क्लारा हिला. पूर्वेकडचा कोपरा गळतो. पत्रेवाल्याचे छप्पर गळते म्हणून लोक हसतात, हसोत.

२. हत्यारे, जो दुकान चालवील त्याला.

३. माझे कॉर्नेट, ते फुंकायचे पितळी वाद्य, गावच्या बँडला. ते वडिलांचे. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण राज्यांच्या युद्धात वडील पलटणीच्या बँडमध्ये होते. ते सांगत, पाय सुजून बसलेली माणसे ढोल आणि पितळ ऐकले की पुन्हा उठत. शूर होत म्हणून नव्हे. शेजारच्याचा पाय उचलला की आपलाही उचलतो.

४. माझा थोरला भाऊ कोनराड हा बँडमास्तर. त्याने गावासाठी संचलनाची चाल बांधली, तिचे कागद माझ्याकडे आहेत. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, हीच वाजे. आधी झांजांचा दणका. मग मध्येच ती मवाळ, ऐसपैस होई, आणि वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकाच ठेक्यावर माना हलवू लागत.

१९१८ साली, जर्मनीशी युद्ध चालू असताना, देशनिष्ठा समितीचे वॉल्टर स्टॉडन तालमीला आले. जर्मन नावाच्या माणसाने झेंड्यामागे बँड चालवायचा नाही, असे बजावून गेले. तेव्हा कोनराडचा मुलगा ऑगस्ट याच देशाच्या गणवेशात फ्रान्सला होता. उन्हाळ्यात तो पडल्याची तार आली. स्टॉडन टोपी काढून दारात उभे राहिले. शोकसभेला बँड तुम्हीच चालवा, म्हणाले.

कोनराड म्हणाला, "पोरगा माझा चालला तुम्हाला. बाजा नाही चालला."

मरेपर्यंत त्याने छडी उचलली नाही. ती चाल त्यानंतर गावात वाजलेली नाही. मी मात्र बँडमध्ये जात राहिलो. त्याने कधी बोल लावला नाही. कसे वाजले, असेही विचारले नाही.

स्टॉडनांचे अर्धे अंग आता लुळे आहे. गेल्या वर्षी त्यांचा निरोप आला, आपल्या अंत्ययात्रेला ती चाल मिळेल का. क्लारा म्हणाली, "बाबा, चुलीत घाला ते कागद. त्यांना कशाला?" मी म्हटले, "बघू गं." बघतोच आहे.

आता ठरवतो. कागद बँडला द्यावेत. वाजवण्याआधी कोनराडचे पूर्ण नाव मोठ्याने घ्यावे. स्टॉडन हयात असतील तर चार जुलैला त्यांच्या दारावरून वाजवत जावे, अंत्ययात्रेची वाट पाहू नये. मेलेल्या माणसाला काय ऐकू येणार.

५. स्टॉडनांशी असलेले वैर मी कोणाच्याही नावे करत नाही. क्लारा मागेल. तिला देऊ नये.

सही: एमिल राउशर्ट
आमच्यासमोर सही केली: लुडविग ताउबर्ट, ढोलवादक, एडना क्रोल, शेजारीण
न्यू लिंडेन, ११ ऑक्टोबर १९३४