तुझ्या नावाची घागर

प्रिय आकांक्षा,

वलगावचा नंबर दिसला की तू फोन उचलत नाईस, म्हणून हे लिहून राहिली. चौथीपर्यंतची शाळा माझी, अन् तीही गुरुजी दयाळू होते म्हणून. अक्षर वाकडं आलं तं मान वाकडी करून वाच. पत्ता शेजारच्या सुंदराबाईच्या भाचीनं दिला. ती लग्नाच्या साड्या घ्याले अकोल्याले गेली होती, तं दुकानात साड्या उलगडून दाखवणारी तूच निघाली. तिनं तुले ओळख दिली नाई, पण इथं येऊन साऱ्या गल्लीले सांगितलं, का आकांक्षा जाड झाली अन् गिऱ्हाइकासंगं हसून बोलते. सुंदराबाईले वाटलं, हे ऐकून मले लाज वाटन. मी म्हटलं, जाड झाली म्हणजे जेवून राहिली, बरं झालं. सालभरात एवढीच एक चांगली खबर कानावर आली.

अखजी, तुमच्या कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. आपल्याकडं शेतीचं साल अखजीपासून अखजीपर्यंत, म्हणून मीही ओसरीत तूर निवडता निवडता मागचं साल निवडून राहिली. खडेच जास्त निघून राहिले. लग्न लावलं तेव्हा चांदूर रेल्वेचं घर साऱ्याइले पसंत होतं. स्लॅबचं घर, पोराले पगार. होळीले तू आली अन् न्हाणीत माझ्याकडं पाठ करून बसली, तेव्हा ते वळ मी पाहिले. तुझ्या बापाले सांगितलं, का बाप्पा योगेश, तुरीच्या शेंगाही एवढ्या झोडपत नाई कोणी. पण तो माझाच पोरगा, एकदा शब्द दिला का बैलासारखा त्याच चाकोरीत. नवी साडी नेसवली, डब्यात करंज्या दिल्या अन् तुले परत धाडलं. मग चैत्रात चांदूरवाल्याइचा फोन आला, का पोरगी गाडीत बसून निघून गेली. आम्हाले वाटलं, बडनेऱ्याले उतरशीन अन् घरी येशीन. तुझ्या मायनं, शकुननं, भाकरी टाकून ठेवल्या. तू बडनेऱ्याले उतरलीच नाई. गाडी अकोल्याले गेली, तिच्यासंगं तूही गेली. मी तुले बोल लावत नाई. ज्या दारातून एकदा परत धाडलं, त्या दारासाठी कोण उतरते?

आता तुले माहीत नाई ते सांगते. बसून वाच. मागच्या अखजीले तुझ्या बापानं कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणली. दरसाली आपण पितराइच्या नावानं दोन भरतो, एक तुझ्या आजोबाची अन् एक त्यांच्या मायची. मी विचारलं, ही तिसरी कोणाची रे? तं म्हणे, आकांक्षाची. मेली ती आमच्यासाठी. अन् त्यानं घागरीले सूत गुंडाळलं, तोंडावर आंबा ठेवला, जित्या पोरीच्या नावानं पाणी सोडलं. तुझी माय पुरण वाटता वाटता थांबली, अन् ते पुरण त्या दिवशी तसंच पाट्यावर राहिलं.

मी रडली नाई. मी म्हटलं, ठीक आहे. भरली ना घागर? मग आता सालभर दुःख पाळ. ज्या घरचं माणूस जाते त्या घरात सालभर कढई चढत नाई अन् दाराले तोरण लागत नाई, हे मले तुझ्याकडून शिकाचं नाई. तो म्हणे, माय, मले तसं नव्हतं म्हणाचं. मी म्हटलं, अर्धं कोणी मरत नाई रे. मेली म्हणजे मेली. आता पाळ.

अन् मी पाळाले लावलं, आकांक्षा. त्यात कसर नाई ठेवली. पोळ्याले बैलाइले साधी भाकर चारली, करंजी नाई. बैलही माझ्याकडं पाहत होते. महालक्ष्म्या आल्या तं साऱ्या गल्लीनं सोळा भाज्या आपल्याच मळ्यातून नेल्या, अन् आपल्या घरात मुखवटे पेटीतून निघालेच नाई. दसऱ्याले तुझा बाप राजापेठेत रस्त्याच्या कडेले बसून दिवसभर झेंडू विकत राहिला. त्या गर्दीत, हॉर्नच्या कलकलाटात, लोकाइच्या गाड्याइले हार बांधून बांधून त्याची बोटं पिवळी झाली. घरी आला अन् आपलं दार बोडकं. टोपल्यात उरलेली फुलं होती. हातात एक माळ घेऊन तो दाराकडं पाहत उभा राहिला. मी म्हटलं, काहून? कोणाचं दुःख आहे, विसरला काय? त्यानं ती माळ बैलाच्या गळ्यात टाकली.

दिवाळीले सुंदराबाई ताटभर चकल्या घेऊन आली. ज्या घरची कढई बंद, त्या घरी शेजाऱ्यानं तळलेलं द्याचं असते ना! आली अन् ओसरीत पाय पसरून बसली, सारं माहीत असूनही म्हणे, घरात दुःख दिसते, पण गेलं कोण जी, आम्हाले तं खबरच नाई. मी म्हटलं, मी काय सांगू, पाणी सोडणारा बसला आहे ना समोर, त्यालेच विचारा. तुझा बाप उठला अन् मळ्यात गेला, तो जेवाच्या वेळेलेही आला नाई. तुझी माय माझ्यावर चिडली, म्हणे, किती छळता त्याइले. मी म्हटलं, तू गप चकल्या खा.

हे वाचून तुले मजा वाटन, पण घर चांगलं नाई आहे, पोरी. तुझा बाप वाळला. बाजारात भाव करत नाई, देतील ते घेऊन येते. संक्रांतीनंतर चांदूरवाल्यानं दुसरी बायको केली म्हणून कळलं, अन् गावात जे लोक तुले नावं ठेवत होते तेच आता योगेशले म्हणतात, बरी सुटली तुमची पोरगी. त्यानं तो अजूनच खाली पाहून चालते. परवा दुपारी मी पाहिलं, तं त्यानं तुझ्या नावाची घागर कोपऱ्यातून काढली होती. सालभर ती पालथी होती. तिच्यातलं पाणी कोणी पेलं नाई, अन् ती कोणाले देणंही झालं नाई त्याच्यानं. आंगणात पाणी भरून तिच्यासमोर उकिडवा बसला होता. मी म्हटलं, काय पाहतो? म्हणे, पाझरते का पाहून राहिलो. मग घागरीच्या बुडाले हात लावून म्हणे, माय, भरलेली घागर वापस कशी घेतात?

आपल्यात भराची रीत आहे, वापस घ्याची नाई. कोणाले कधी गरजच पडली नसन. उलट आपल्या घरची रीत अशी, का पहिल्या साली नवी घागर वेगळी ठेवाची अन् दुसऱ्या अखजीले तिले जुन्याइच्या रांगेत मिळवाची. एकदा रांगेत गेली का झालं, ते माणूस पितर. मग दरसाली तिले पाणी, माझ्यामागं तुझी माय अन् तिच्यामागं उद्या घरात येणारी तुझी वयनी सोडत राहीन. तू तिकडं अकोल्यात साड्या दाखवत राहशीन अन् इकडं तुले पाणी पोचत राहीन.

म्हणून हे पत्र. ज्याच्या नावाची घागर, त्याच्या बदली कोणाले तरी पाटावर बसवून जेवू घालावं लागते. तुझ्या आजोबाच्या पाटावर गल्लीतले म्हातारे भगवंतराव बसतात, डोळ्यानं दिसत नाई पण पुरणपोळी बरोबर सापडते त्याइले. मागच्या साली तुझ्या पाटावर बसाले कोणीच तयार झालं नाई. सुंदराबाईही नाई, अन् ती तं कुठंही जेवते. यंदा मी योगेशले सांगितलं, का आकांक्षाच्या पाटावरचं माणूस मी पाहून ठेवलं आहे. कोण, ते त्यानं विचारलं नाई. पण कढई घासून पालथी घातली आहे, अन् ती मी घासली नाई अन् तुझ्या मायनंही नाई. तू येऊन तुझ्या पाटावर बस. तुझ्या नावाचं तूच जेव अन् तुझ्या घागरीतलं पाणी तूच पे, सगळ्याइच्या समोर. मग पाहू तिले रांगेत कोण ठेवते. राहाले ये म्हणत नाई, तुझं अकोलं तुले लखलाभ. तुझा बाप माफी मागन असंही सांगत नाई, त्याले ते येत नाई. तू नाई आली तं त्या पाटावर दुसरं कोणी बसणार नाई, अन् पुढं काय होईन ते मले माहीत नाई. जेव अन् संध्याकाळच्या गाडीनं जा. फक्त या वेळी बडनेऱ्याले उतरजो.

तुझीच, अन् अजून जिती असलेली,
रुख्मिणी आजी