तीन पुस्तकांतला एकच सामना

ती. भावोजींस,

वाकून नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. तुम्हीही ठीकच असाल असं धरून चालते, कारण ताईनं मागच्या वेळी फोनवर तुमच्या गुडघ्याचं इतकं सविस्तर वर्णन केलं की तो गुडघा आता मला घरच्या माणसासारखा वाटायला लागला आहे. (जिना उतरताना कटकट वाजतो तो डावा की उजवा, हे तेवढं विचारायचं राहिलं. कळवावं.) मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला ताईच्या कपाळावरच्या आठ्या लांबूनच दिसतात आणि त्यामुळे घरात शांतता नांदते आहे, हेही समजलं. फार बरं वाटलं. हे मजेत आहेत. सध्या पाठ शेकत पडले आहेत, पण त्याला कारण आहे आणि त्या कारणासाठीच हे पत्र लांबणार आहे, तेव्हा चष्मा जवळ घेऊन बसा.

भावोजी, मी परीक्षक झाले आहे. शाळेच्या पेपरांची नव्हे, फुटबॉलवरच्या पुस्तकांची. आता तुम्ही हसून घ्या, मी थांबते. सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली आणि फुटबॉलशी माझा संबंध शिक्षकखोलीच्या फुटलेल्या काचेपुरताच आला, हे मला मान्य आहे. पण झालं असं की दाढ काढायला मी आमच्या रस्त्याच्या टोकाच्या दातांच्या दवाखान्यात गेले होते. भूल देऊन डॉक्टरांनी बाहेर बसवलं, तर तिथं बाकावर एक मासिक पडलेलं. जुन्या फुटबॉलच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्या मंडळींसाठी ते निघतं, आणि निघतं कुठून, तर त्याच दवाखान्याच्या वरच्या खोलीतून. आता नाहीशा झालेल्या एका मैदानाचा त्यात नकाशा होता आणि नदी मैदानाच्या चुकीच्या बाजूला काढलेली होती. मला राहवेना. अर्धा जबडा बधिर असताना जिना चढून गेले आणि नदी कुठून वाहते ते संपादकांना हातवारे करून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आमच्याकडे येणाऱ्या जुन्या पुस्तकांवर आणि मासिकांवर तुम्ही लिहाल का. (आधीचे परीक्षक फक्त स्वतःच्या क्लबची पुस्तकं चांगली म्हणायचे, म्हणून वाचकांनी त्यांना घालवलं होतं. कुठलाच क्लब नसलेला माणूस त्यांना हवा होता.) जीभ वळत नसल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

पण खरं सांगू का, मला त्यात गोडी लागली. पहिलाच गठ्ठा आला तो जुन्या साप्ताहिकांचा. पिना गंजलेल्या, कागद पिवळा, आणि वास असा की पेटीतून काढलेल्या लोकरीच्या कपड्यांसारखा. सामन्यांची वर्णनं मी वाचली, नाही असं नाही, पण माझं लक्ष जायचं ते कडेला. कुणीतरी शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवलेलं, आणि 'उभा आठ' ठार चुकलेला. वाचकांच्या पत्रांत एक गृहस्थ दर आठवड्याला गोलच्या जाळ्याच्या भोकांबद्दल तक्रार करतात आणि एका अंकापासून एकदम गप्प होतात. जाळं बदललं, की गृहस्थ गेले, की लग्न झालं, हे कळायला काही मार्ग नाही, आणि माझी दोन दिवस झोप उडाली. मी हे सगळं परीक्षणात लिहिलं. त्यावर एका वाचकाचं कार्ड आलं की बाईंनी फुटबॉल सोडून सगळ्याचं परीक्षण केलेलं आहे, तरी पुढचा अंक कृपया लवकर पाठवावा. संपादक खूश झाले.

आता मूळ मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडे तीन पुस्तकं पाठवली. एक होतं एका जुन्या गोलकीपरचं आत्मचरित्र. त्याला सगळे 'भिंत' म्हणायचे. दुसरं त्याच्या विरुद्ध संघातल्या आघाडीच्या खेळाडूचं, जो 'डाव्या' म्हणून ओळखला जायचा, कारण डाव्या पायानं मारायचा. तिसरी होती डाव्याच्या क्लबची स्मरणिका. तिन्ही पुस्तकांत एकाच अंतिम सामन्याचं भलं मोठं वर्णन आहे. शेवटच्या मिनिटाला डाव्यानं चेंडू मारला, भिंतीनं झेप घेतली, आणि चेंडू रेषेवर अडला की रेषा ओलांडून गेला यावरून जे भांडण जुंपलं ते मिटलंच नाही. पंचांनी गोल दिला नाही, सामना बरोबरीत सुटला आणि चषक दोन्ही क्लबांनी आलटून पालटून ठेवायचा असं ठरलं. भिंत लिहितो, मी रेषेवर अडवला. डाव्या लिहितो, चांगला हातभर आत होता. ते त्यांचं ते बघून घेतील, पण भावोजी, भिंतीच्या पुस्तकात त्या संध्याकाळी धो धो पाऊस पडतोय. डाव्याच्या पुस्तकात डोळे दिपवणारं ऊन आहे. आणि स्मरणिकेत असं दाट धुकं की प्रमुख पाहुण्यांना भाषणाचा कागद दिसेना. भूगोलाच्या बाईनं हे वाचून गप्प कसं बसावं? मी सरळ लिहिलं की तिन्ही पुस्तकं वाचून सामना झाला एवढी खात्री पटते; हवामान मात्र लेखकांनी आपापलं आणलेलं दिसतं.

अंक निघाला आणि तीन-चार दिवसांत दुपारी दाराची घंटा वाजली. दारात एक उंच, वाळलेले गृहस्थ. हात एवढे मोठे की माझ्या परीक्षणाचं पान त्यात बसच्या तिकिटासारखं दिसत होतं. म्हणाले, "मी भिंत. तुम्ही मला खोटारडा म्हटलंय." मी म्हटलं, मी फक्त पाऊस कुठल्या दिशेनं आला एवढं विचारलंय, आत या, चहा घ्या. ते आत येऊन टेकतात तोच पुन्हा घंटा. या खेपेस एक बुटके, गोल, तुरुतुरु चालणारे गृहस्थ. हे डाव्या. (संपादकांनी दोघांनाही पत्ता दिला होता आणि वेळही एकच दिली होती, हे मला मागाहून कळलं.) दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही तोंडं फिरवली, एकानं खिडकीकडे, एकानं ह्यांच्याकडे. ह्यांचा पेपर वाचायचा राहिला.

मग चहा पिता पिता हळूहळू कळत गेलं. लहानपणी हे दोघं एका बाकावर बसणारे मित्र. त्या सामन्यानंतर बोलणं बंद. पुढे गंमत अशी की दोघांनाही टपाल खात्यात नोकरी लागली, एकाच कार्यालयात, शेजारशेजारच्या टेबलांवर, आणि निवृत्त होईपर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. गोंद हवा असला तर शिपायाला हाक मारायची आणि शिपायानं हातभर अंतरावरून गोंद उचलून द्यायचा. माझ्याही घरात तोच प्रकार सुरू झाला. "त्यांना सांगा, साखरेचा डबा इकडे करा." "त्यांना सांगा, डॉक्टरांनी साखर बंद केली नाही ना, ते आधी बघा." मी निरोप्याचं काम करून कंटाळले आणि शेवटी म्हटलं, हे असं तोंडी कळत नाही मला, प्रत्यक्ष दाखवा काय झालं ते.

भावोजी, हे मी म्हणायला नको होतं. पाच मिनिटांत बैठकीची खोली मैदान झाली. दिवाण म्हणजे गोल. एका बाजूचा खांब म्हणजे कपड्यांचा स्टँड आणि दुसऱ्या बाजूचा खांब म्हणजे आमचे हे. (त्यांनी विचारलं, मीच का? भिंत म्हणाले, तुमची उंची बरोबर आहे. त्यावर हे जरा खुलले आणि ताठ उभे राहिले.) चेंडू म्हणून सोफ्यावरची गोल उशी घेतली. डाव्यांनी दोन पावलं मागं जाऊन असा काही पाय फिरवला की चप्पल सुटून पंख्याला लागली आणि पंख्यावरची धूळ सगळ्यांच्या चहात पडली. उशी मात्र सरळ गेली. भिंतीनं झेप घेतली. झेप म्हणजे ते दिवाणावर कलले, पण कलताना धरायला म्हणून त्यांनी खांब पकडला, आणि खांब म्हणजे आमचे हे. दोघंही आडवे झाले. हे लगेच उठले, पाठीला हात लावून. भिंतीला उठता येईना. मी पुढे होणार इतक्यात ते खालून म्हणाले, "अरे, बघतोस काय? हात दे."

हे त्यांनी डाव्यांना म्हटलं होतं. मला किंवा कुणाच्या मार्फत नव्हे. डाव्या एक क्षण तसेच उभे राहिले, एका पायात चप्पल. मग दोन्ही हात पुढे केले आणि ओढून बसवलं. दोघं दिवाणावर शेजारी शेजारी धापा टाकत बसले. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला अशा वेळी प्रश्नच सुचतात. मी विचारलं, "पण पाऊस होता की ऊन?"

भिंत म्हणाले, "आठवत नाही हो. पुस्तक मी सांगितलं, पण लिहिलं तुमच्या त्या संपादकानं. तो म्हणाला पाऊस घालू, अंतिम सामन्याला शोभतो." डाव्यांनी मान वर केली. "माझंही त्यानंच लिहिलं. मला म्हणाला, ऊन घालू." स्मरणिका कुणी लिहिली असेल ते विचारायची गरजच उरली नाही. तिन्ही हवामानं आमच्या संपादकांनी पुरवलेली, आणि मग ती तिन्ही पुस्तकं त्यांनीच माझ्याकडे परीक्षणाला पाठवली. (मी दुसऱ्या दिवशी जाब विचारला. ते म्हणाले, तेच तेच लिहायचा कंटाळा येतो हो. खालच्या दवाखान्यातून ड्रिलचा आवाज येत होता, त्यामुळे मला पुढचं बोलता आलं नाही.)

मग मी धीर करून शेवटचा प्रश्न विचारला. चेंडू आत होता की नाही, हे तुम्ही दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का? भिंतीनं आपले मोठे हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, "माझं तोंड चिखलात, म्हणजे मातीत होतं. मला काय दिसणार?" डाव्या म्हणाले, "मारताना मी घसरून पडलो होतो. वर बघितलं तेव्हा लोक ओरडत होते." म्हणजे दोघांपैकी कुणीही पाहिलं नव्हतं. आधी डाव्या हसायला लागले, मग भिंत, आणि भिंतीचं हसणं थांबलं तेव्हा लक्षात आलं की ते हसणं नव्हतं. डाव्यांनी त्यांचा कप उचलून हातात दिला. धूळ पडलेला चहा होता, पण ते प्याले. जाताना दोघं एकाच रिक्षातून गेले. आता दर बुधवारी दोघं येतात आणि उशी आत होती की बाहेर यावर भांडतात. उशी अजून आम्ही तिथंच ठेवली आहे, कुणी हलवू देत नाही.

ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमची धाकटी मेहुणी

ता. क. परवा बुधवारी डाव्यांनी त्या सामन्याच्या वेळचा एका साप्ताहिकाचा जुना अंक आणला. त्यात फोटो आहे, आणि रेषेजवळ झेंडा घेतलेला पंच म्हणून जो तरुण उभा आहे ते तुम्ही आहात. मी कान बघून ओळखलं. मी तेव्हा शिक्षणासाठी मामाकडे होते हे खरं, पण तुम्ही इतक्या वर्षांत चकार शब्द काढला नाहीत. झेंडा ना वर आहे ना खाली. हे तर आमचे भावोजी, असं मी नको तेव्हा बोलून गेले आणि तुमचा पत्ता दोघांच्या हाती गेला. रविवारी ते तुमच्याकडे येत आहेत. माझी खरी विनंती एवढीच, आणि म्हणूनच हे सगळं पुराण लिहिलं, की तुम्ही जे पाहिलं असेल ते त्यांना सांगू नका. भांडण मिटलं तर हे दोघं बुधवारी कशासाठी भेटतील? मला मात्र वेगळ्या पाकिटातून कळवा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी ताईला फोन केला. ती म्हणाली, त्यांना काय विचारतेस, त्या वेळी ते चेंडूकडे बघतच नव्हते, प्रेक्षकांत मी बसले होते तिकडे बघत होते. (फोटोत तुमचं तोंड मैदानाकडे नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं.) मी म्हटलं, मग तूही त्यांच्याकडेच बघत असशील. ती म्हणाली, छे, मी चेंडूकडे बघत होते, मला स्वच्छ दिसला. मी विचारलं, आत की बाहेर? तर म्हणते, मला आजवर कुणी विचारलंच नाही, आता फोनवर कशाला सांगू, रविवारी सगळे जमले की सांगते. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. रविवारी आम्हीही येतो आहोत, हे पाठ शेकत का होईना. दोन ताटं जास्त धरा.