वाटणीतली मासिकं

८ जून २०१९

अकोल्याचे वामनराव काका आज स्वतःच मासिकांचे गठ्ठे घेऊन आले. पार्सलने पाठवा म्हटलं होतं, तर म्हणे, एसटीवाले फेकाफेक करतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन पोती घेऊन बसने अमरावतीपर्यंत!

मागच्या वर्षी आत्याचे, म्हणजे नईमाफुफूंचे, उर्दू रिसाले (मासिकं) मोबाईलवर फोटो टाकून विकून दिले, तेव्हापासून लोक आपणहून येतात. कोणाचे दिवाळी अंक, कोणाची सिनेमाची मासिकं. विकलं गेलं की मला त्यातलं थोडं मिळतं. नवऱ्याचा, शाहनवाजचा, टेम्पो संत्र्याच्या भाड्यावर चालायचा. यंदा संत्राच नाही, तर टेम्पो दारात उभा. त्यामुळे नको म्हणायची सोय नाही.

काकांची मासिकं मात्र वेगळी. सगळे अंक एकाच मासिकाचे, ते अमरावतीहूनच निघायचं, कधीचं बंद पडलं. काकांचे वडील मोर्शीला मास्तर होते. दर वर्षाचे बारा अंक लाल कापडात बांधून घ्यायचे. काका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, आता घर विकून पुण्याला मुलीकडे चालले. फ्लॅटमध्ये जागा नाही.

"रद्दीत टाकवत नाई, बाई. वाचणाऱ्याच्या घरी गेले पाह्यजेत."

फोटो काढताना लक्षात आलं. एका वर्षाचा खंड आहे, पुढच्या वर्षाचा नाही. मग पुन्हा आहे, पुन्हा नाही.

"बाकीचे मोर्शीले. माह्या धाकल्या भावाजवळ. वाटणीत एक साल मले, एक साल त्याले. कागदावरून भांडण नोको, म्हणून पंचाईनं तसं केलं. भांडण झालंच."

एकमेकांशी बोलत नाही का तुम्ही, असं विचारलं. चहा पीत राहिले.

११ जून

नागपूरहून एका बाईंचा मेसेज. घरी मोठं वाचनालय करताहेत. घेईन म्हणतात, पण पूर्ण संच असेल तरच. अर्धा नको.

काकांना सांगितलं. "तूच फोन करून पाय. माहा फोन तो उचलत नाई."

१२ जून

रामरावांनी — म्हणजे मोर्शीच्या भावाने — ऐकून घेतलं आणि "इकाचे नाईत" म्हणून फोन कापला.

१५ जून

मोर्शीला जाऊन आले. फोनवर माणूस तोडून बोलतो, समोर बसला की ऐकतो, असं मला वाटत होतं. चूक.

रस्त्याने दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे वाळलेले. झाडं उभी आहेत पण पान नाही. काही ठिकाणी नुसते बुंधे. खिडकीतून बघवेना, म्हणून समोरच्या सीटकडे बघत बसले.

रामरावांच्या बायकोने, जमुनाकाकूंनी, पाणी दिलं. त्या काहीतरी बोलणार होत्या. रामराव आले आणि त्या आत गेल्या.

"कोनं पाठवलं तुले? त्यानंच ना?"

मी म्हटलं, काका, विकू नका. निदान एकदा बघू तरी द्या, फोटो काढते.

"त्याले सांग, वाटनी झाली. माह्या वाट्याले हात लावू नोको म्हना."

दारातच उभे होते. बस म्हणाले नाहीत. परतीच्या बसमध्ये इतका राग आला होता, आणि राग काढायला कोणी नाही.

१६ जून

वामनराव काकांना सगळं सांगितलं. वाटलं, भडकतील. पण फोनवर त्यांनी एवढंच विचारलं.

"इकाचेच नाईत म्हने?"

हो म्हटलं.

"म्हंजे त्याचा जीव हाये अजून त्याच्यात."

मग बोलतच राहिले. मासिक आलं की वडील ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे. एक क्रमशः गोष्ट होती, रामराव तेव्हा लहान. पुढे काय होते, पुढे काय होते, म्हणून जेवायचा नाही. महिनाभर विचारायचा. वडील मग आपल्याच मनाने पुढचं सांगायचे आणि खरा अंक आला की पकडले जायचे. काका हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं.

१९ जून

हे लिहू का नको, कळत नाही. कोणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

आज रामराव दारात. दवाखान्याच्या कामाने अमरावतीला आले होते म्हणे, पत्ता शोधत आले. मी पाणी दिलं. घेतलं. बसले. टोपी हातात घेऊन तिच्याकडेच बघत बोलले.

मासिकं नाहीतच. जाळली.

एप्रिलमध्ये बोअर आटला. बगीचा वडिलांनी लावलेला, दोघा भावांनी लहानपणी घागरीने पाणी घातलेली झाडं. कापावी लागणार हे ठरल्यावर त्यांनी अकोल्याला फोन केला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एकदा येऊन पाहून जाय, एवढंच म्हणायचं होतं.

"तो म्हने, तुह्या वाट्याचं वावर हाये, काप नाईतर ठेव, मले कायले इचारतं."

ज्या दिवशी करवत लागली, त्या दिवशी घरी येऊन त्यांनी कपाट रिकामं केलं. अंगणात संत्र्याच्याच फांद्या होत्या. त्यावर टाकले सगळे खंड. जमुनाकाकू आडव्या आल्या, ऐकलं नाही.

"बुढ्या बापाचे होते ते. त्याचे नोयते, माह्येई नोयते. आता काय करू, सांग?"

मी रिकामा ग्लास उचलला.

जाताना म्हणाले, "त्याले सांगजो नोको." मी हो म्हटलं. का म्हटलं?

२० जून

शाहनवाजला एवढंच सांगितलं की दोघा भावांमध्ये अडकले आहे. "तू बीच में मत पड़," म्हणाला. आता पडू नको म्हणून काय उपयोग. नागपूरच्या बाईंनी विचारलं, थोडे दिवस द्या म्हटलं. कशाचे दिवस, माझं मलाच माहीत नाही.

२४ जून

वामनराव काकांचा फोन.

"बाई, इकू नोको. माह्ये बी त्यालेच देऊन टाक. पुरा संच त्याच्याजवळ राहू दे."

मी म्हटलं, काका, नागपूरच्या बाई अर्धाही घेतील कदाचित, मी विचारते. म्हटलं, एवढी घाई कशाला. म्हटलं, पुण्याला घेऊन जा, जागा होईल. तोंडाला येईल ते बोलत होते.

"नाई. ठरलं माह्यं. मी त्याले दगड समजत होतो. त्यानं जपून ठेवले, अन् मी बाजारात काढले."

रामरावांना शब्द दिलेला. आणि शब्द नसता दिला तरी हे माझ्या तोंडून निघालं असतं का, शंकाच आहे.

२५ जून

नागपूरच्या बाईंना नकार कळवला. मोबाईलवरची जाहिरात काढून टाकली.

मग रामरावांना फोन केला. काका त्यांचे खंड तुम्हालाच देताहेत.

"पाठवू नोको. तुह्याजवळच ठेव. मी... ठेव तू."

पोती पलंगाखाली आहेत. झाडू मारताना हाताला लागतात.

२७ जून

काका रविवारी येताहेत. पुण्याला जायच्या आधी स्वतःच्या हाताने नेऊन देणार. मोर्शीला!

ऊन आहे, गुडघे दुखतात तुमचे, मी पोचवते, सगळं म्हणून पाहिलं. "तू चाल संग," म्हणाले. "मी एकटा गेलो तर त्याच्या दारात काय बोलू, मले समजनार नाई."

मोर्शीला फोन लावला. जमुनाकाकूंनी उचलला. सांगितलं. त्या म्हणाल्या, "येऊ दे. किती दिवस लपवाचं?" मी विचारलं, रामरावकाका सांगतील का? "मले नाई माहीत व, माय."

२९ जून

दोनदा अकोल्याचा नंबर काढला. दोनदा मोबाईल ठेवून दिला. शाहनवाज म्हणाला, टेम्पोने सोडतो, नाहीतरी उभाच आहे.

३० जून

घरापर्यंत जावंच लागलं नाही. रामराव मोर्शीच्या स्टँडजवळच उभे होते, टेम्पो बघून रस्त्यात आले. काका उतरत होते, एक पाय अजून पायरीवर, तेवढ्यात बोलून टाकलं त्यांनी. "दादा, मी जाळले ते. झाडं कापली त्या दिवशी. तू आला नाईस म्हनून."

काका तसेच उभे. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी सोडवून घेतला. वाटलं, संपलं.

मग म्हणाले, "वावरात घेऊन चाल मले."

दोघं भाऊ वावराच्या वाटेने पुढे गेले. पोती टेम्पोतच राहिली. मी आणि शाहनवाज संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसून होतो, पोती घ्यायला कोणी आलं नाही.